तेल जातं कुठं

तेलगाव
८ डिसेंबर २०२४

दादा,

तुझा फोन लागत नाही. म्हणजे माझ्या नंबरवरून लागत नाही. आईच्या फोनवरून लागतो, ते मला माहीत आहे. एकदा आईचा फोन हातात घेतला होता, पण तू आवाज ओळखून ठेवून दिला असतास. म्हणून लिहितोय. मुकादमाचा ट्रक बुधवारी तुमच्या ऊसतोडीच्या फडावर यायचा आहे, त्याच्याकडे देतो. तुला माझं अक्षर लागत नाही, तेव्हा वाचून सुनितावहिनीच दाखवतील. ते ध्यानात धरूनच लिहितोय.

आई बरी आहे. गुडघे दुखतात म्हणते. कापसाची दुसरी वेचणी झाली.

जीप अजून घरापुढंच उभी आहे. ऑगस्टात टोचन करून आणली तशी. टायर बसलेत. भंगारवाला दोनदा येऊन गेला. आई म्हणाली, देऊन टाक, डोळ्यापुढं नको. मी हो म्हणालो आणि दिली नाही.

काल अंगद मिस्त्रीकडे गेलो, स्टँडामागं गॅरेज आहे तो. आपण गाडी कायम माजलगावात दाखवायचो, त्यामुळं त्यानं आपल्या इंजिनाला कधी हात लावलेला नाही. त्याला एका कानानं ऐकू येत नाही. दुसऱ्या कानाला लांब पेचकस लावून तो इंजिन ऐकतो. मी आकडा सांगितला तर म्हणाला, "तीन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली गाडी. आता काय करतो तिचं?"

मी म्हणालो, "नीट झाली तर झाली. ती तेल काहून पीत होती तेवढं बघायचंय."

"ते बघून काय मिळणार हाय?"

मी चावी काढून त्याच्यापुढं ठेवली. तो म्हणाला, बरं आण.

सगळ्यांना मी एकच सांगितलंय. वहिनींना बाळंतपणासाठी बीडला नेत होतो, घाटसावळीच्या अलीकडं चढाला इंजिन अचानक जाम झालं, म्हातारी गाडी, तिचा काय भरवसा. लोक मान हलवतात. तू हलवली नाहीस. तू त्या दिवसापासून बोललाच नाहीस. दिवाळीनंतर ट्रकात बसताना वहिनींनी मागं वळून पाहिलं, तू कोयते मोजत बसलास.

रागावलास ते बरोबरच आहे. मला त्यावर काही म्हणायचं नाही.

अजिनाथ


तेलगाव
२१ डिसेंबर २०२४

दादा,

पहिलं पत्र मिळालं असं ट्रकवाला म्हणाला. तू काय म्हणालास ते विचारलं, तर म्हणाला, खिशात ठेवलं.

जीप गॅरेजात नेली. मिस्त्रीनं नवं तेल भरलं, बॅटरी जोडली आणि स्टार्टर मारला. मला वाटलं होतं फिरणारच नाही. फिरली, दादा. सुरू झाली. खालून ठक ठक आवाज येतोय, बेअरिंग खाल्लंय म्हणतो, पण चालू झाली. त्या दिवशी तासभर थंड होऊ दिली असती तर कदाचित तेव्हाही झाली असती. तासभर कुणाकडं होता म्हणा.

मिस्त्रीची पद्धत मला आवडली. तो आधीच काही ठरवत नाही. म्हणाला, "तेल दोनच वाटांनी जातं. एक तर सांडतं, न्हाई तर जळतं. आधी सांडतं का ते बघू." डिझेलनं सगळं इंजिन धुतलं, खाली कोरे पुठ्ठे अंथरले आणि गाडी जाग्यावर चालू ठेवली. दुपारी पुठ्ठे काढले. एक थेंब नाही. मग रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघितलं. पाण्यावर तवंग नाही. तेलाच्या झाकणाखाली पांढरा फेस नाही. म्हणजे पाण्यातही जात नव्हतं.

मग मला म्हणाला, रेस दे. मी दिली. तो मागं उभा राहिला. धूर निळा. "काळा असता तर डिझेल जास्त. पांढरा असता तर पाणी. निळा म्हणजे तेलच जळतंय," असं म्हणाला. चालू इंजिनाचं तेलाचं झाकण उघडलं तर आतून भक भक धूर बाहेर. जळका वारा खाली उतरतोय आणि तेल वर चढतंय, असं त्याचं म्हणणं.

दोन वर्षं आपण बघत होतो ना तो धूर. नारायणगडाच्या यात्रेत सीटा भरून चढ चढताना मागची मोटारसायकलवाली पोरं नाक दाबायची. तू म्हणायचास, जुनी झाली की पिणारच. मीही तेच म्हणायचो. सीटखाली पाच लिटरचा कॅन ठेवला आणि ओतत राहिलो. कुठं जातं ते कधी बघितलं नाही. गाडी उभी करावी लागली असती.

बाकी ठीक. मला झोप लागते. जेवणही जातं. आई म्हणते, तू बोलत नाहीस. बोलण्यासारखं काही सुचत नाही, एवढंच.

अजिनाथ


५ जानेवारी २०२५
(पाठवायचं नाही)

दादा,

आज इंजिन खोललं.

आधी मिस्त्रीनं एकेक नोझल काढून दाब मोजला. चारातल्या तीन सिलिंडरांचा कमी, पण चालण्याजोगा. तिसऱ्या नंबरच्याचा निम्माच. मग त्यानं तिसऱ्यात चमचाभर तेल सोडलं आणि परत मोजला. काटा वर गेला. म्हणाला, "तेलानं फट बुजली म्हणून दाब वाढला. म्हंजी व्हॉल्व्ह बरे हायेत. रिंगा गेल्या." हेड उतरवलं, पिस्टन बाहेर काढले. तेल पुसून काढणारी खालची रिंग काजळीत अशी चिकटून बसलेली की नखानं हलेना. सिलिंडरच्या आत बोट फिरवायला लावलं मला. वरच्या काठाला पायरी लागते, इतकी झीज.

तो म्हणाला, "हे नुस्तं वयानं होत न्हाई. धूळ खाल्लीया हिनं." आणि हवेचा डबा उघडला. आत जाळीच नाही. रिकामा डबा. मला म्हणाला, "फिल्टर कुठाय बे?"

मला लगेच आठवलं. यात्रेच्या आधी पावसात भिजून फिल्टरचा लगदा झाला होता, गाडी चढाला दम टाकत होती. तू तो काढून उकिरड्यावर फेकलास आणि म्हणालास, जाळी काढली की बघ कशी पळती. पळाली. यात्रा झाली की नवा बसवू म्हणालास. बसवला नाहीस. दोन वर्षं कापसाच्या वावरांतल्या रस्त्यांची सगळी धूळ त्या इंजिनात गेली.

दादा, तुला खरं सांगू का. मला बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते हे. मी गॅरेजातच पिंपावर बसलो आणि मनात म्हणालो, म्हणजे मी नाही. दादा बोलत नाही माझ्याशी, आणि चूक तर दादाचीच आहे.

मिस्त्री म्हणाला, "चहा पितो का?" मी हो म्हणालो. चहा येईपर्यंत ते बरं वाटणं गेलं होतं.

हे वहिनी वाचणार. म्हणून पाठवत नाही.


तेलगाव
९ जानेवारी २०२५

दादा,

इंजिन खोललं. रिंगा गेल्या होत्या, सिलिंडर झिजले होते, तेल तिथून वर जाऊन जळत होतं. मिस्त्री म्हणतो नवे लायनर घालून होईल. ब्लॉक बीडला मशीनवर पाठवला.

आता दुसरं लिहितो. वहिनी, हे वाचताना मधे थांबू नका, सगळं वाचून दाखवा.

गाडीच्या काट्यांपाशी लाल दिवा होता. किटलीचं चित्र असलेला, तेल कमी झालं की लागतो तो. उन्हाळ्यापासून तो चढाला, वळणाला लागायचा. मागच्या सीटवरची माणसं विचारायची, ते लाल काय लागलंय. लिंबागणेशच्या भाड्याला एक म्हातारे तर उतरूनच गेले. जूनमधे मी त्याची वायर उपटली. दिवा बंद झाला. कुणी विचारायचं बंद झालं.

ऑगस्टच्या सत्तावीस तारखेला पहाटे वहिनींना कळा सुरू झाल्या. लेकरू पायाळू आहे, बीडलाच आणा, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तू गोधड्या गाडीत टाकत होतास. मी बॉनेटपाशी उभा होतो. तू विचारलंस, "तेल पाहिलं का?"

मी म्हणालो, "पाहिलं."

पाहिलं नव्हतं. चार दिवस पाहिलं नव्हतं. सीटखालचा कॅन रिकामा होता, ते मात्र माहीत होतं. दुकान नऊला उघडतं. मला वाटलं, पंचेचाळीस किलोमीटरचा तर प्रश्न आहे. बॉनेट उचलायचं, तेलाचा गज काढायचा, पुसायचा, परत घालून बघायचा. पोळी उलटायला लागतो तेवढा वेळ. बघितलं असतं तर शेजारच्या ट्रॅक्टरचं तेल ओतता आलं असतं. तात्याबा नाही म्हणाले नसते.

तू माझ्यावर विश्वास टाकून गाडीत बसलास.

चढाला इंजिन थांबलं आणि मी चावी फिरवत राहिलो. तू खाली उतरून रस्त्यात आडवा उभा राहिलास, तेव्हा कुठं दुधाचा टेम्पो थांबला. चाळीस मिनिटं गेली. चाळीस मिनिटं आधी पोचलो असतो तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. अजूनही विचारायला जावं असं वाटत नाही.

हे कुणालाच माहीत नाही. आईलाही नाही. आता तुम्हा दोघांना माहीत आहे.

अजिनाथ


तेलगाव
६ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं काही आलं नाही. येईल असं धरूनही नव्हतो.

गाडी झाली. लायनर नवे, पिस्टन नवे, रिंगा नव्या, व्हॉल्व्हचे सील नवे. क्रँक घासून नवी बेअरिंगं बसवली. धुराची नळी काजळीनं बुजली होती ती साफ केली. सगळं मी मिस्त्रीच्या हाताखाली केलं. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, प्रत्येकीचं वेगळ्या दिशेला ठेवायचं, नाहीतर तिथूनच परत तेल चढतं. ते त्यानं माझ्याकडून तीनदा करून घेतलं. लाल दिव्याची वायर मीच जोडली. चावी फिरवली की दिवा लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा भरपूर निळा धूर आला. मी चावी बंद करायला हात घातला. मिस्त्री म्हणाला, "थांब. बसवताना लावलेलं तेल जळतंय." दहा मिनिटांनी धूर गेला. तो गाडीमागं उभा राहिला, नळीच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं आणि ते मला दाखवलं. कोरडं होतं. त्याला लई आनंद झाला होता. मीही हसलो.

पहिले हजार किलोमीटर सावकाश चालवायची असते. मी एकटाच चालवली. धारूर, वडवणी, परत. रोज सकाळी गज काढून बघत होतो. पाचशेला मिस्त्रीनं तेल बदललं. हजार झाल्यावर बघितलं तर पातळी केसभर खाली. आधी तेवढ्यात दोन लिटर पीत होती.

घाटसावळीचा चढ चढून बघितला. तिसऱ्या गिअरमधे चढली. वर जाऊन गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडून उभा राहिलो. काही झालेलं नव्हतं. मला वाटलं होतं तिथं गेल्यावर रडू येईल. एक उसाची ट्रॉली गेली, मग एसटी गेली. मी बॉनेट लावलं आणि घरी आलो.

गाडी बरी झाली, दादा. सांगायचं एवढंच.

अजिनाथ


१८ फेब्रुवारी २०२५
फडावरून

अजिनाथ भावजी,

तुमची चारी पत्रं पोचली. मीच वाचून दाखवली. तुमी 'तेल पाहिलं' म्हणालात त्याचं पत्र वाचताना मी थांबले न्हाई, तुमी सांगितलं तसं. वाचून झाल्यावर तुमचे दादा उठून गेले. दोन दिस जेवले न्हाईत. काल तुमचं गाडी बरी झाल्याचं वाचलं तवा म्हणले, "इंजिन खोललं तर त्याला डबा रिकामा दिसला असणार. त्यानं ते लिवलं न्हाई." मी म्हणले, कशाचा डबा. मग त्यांनी जाळीचं सांगितलं.

तुमाला वाटतंय ते रागानं बोलत न्हवते. मलाबी तसंच वाटायचं. तसं न्हवतं. गाडी बंद पडली त्याच दिशी त्यांच्या डोक्यात ती जाळी आली व्हती. तुमाला कळंल म्हणून तुमच्यापुढं उभं राहायची हिंमत न्हवती. हे त्यांनीच लिवायला लावलंय, ते शेजारी बसलेत.

आता म्हाझं.

तुमा दोघांचं तेल आन जाळी मी ऐकलं. कुणाची चूक किती ते तुमी आल्यावर बसून ठरवा, न्हाईतर ठरवू नका. मला त्यात पडायचं न्हाई. तवा कळा मला व्हत्या, आन तरीबी मला कुणी काई इचारलं न्हाई, आन काई सांगितलं न्हाई.

म्हाझी पोरगी कुठं ठेवली?

आत्याबाईंना, तुमच्या आईंना, इचारलं तर म्हणल्या, बाळंतिणीनं इचारू न्हाई. ह्यांना ठाव न्हाई, ते म्हाझ्यापाशी व्हते. तुमीच तिला घेऊन गेलतात. तुमालाच ठाव हाय. चार पत्रांत तुमी इंजिनाचा खिळा न् खिळा लिवलात, तेवढं एक लिवलं न्हाई.

मी तिचं तोंडबी नीट बघितलं न्हाई. मला गुंगी व्हती.

इथला पट्टा गुढीपाडव्याच्या आधी पडंल, कारखाना बंद व्हईल म्हणतात. तवर कळवा.

सुनिता


तेलगाव
२ मार्च २०२५

सुनितावहिनी,

तुमचं पत्र चार दिवसांपूर्वी मिळालं. रोज लिहायला बसत होतो.

आईनं मला सांगू नको म्हणून बजावलं होतं. पण ते कारण नाही. तुम्ही विचारलं नाहीत तोवर मला सांगावं लागत नव्हतं, हे कारण आहे.

दवाखान्यातून तिला माझ्याकडे दिली तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. तुमच्या निळ्या पातळाच्या अर्ध्या तुकड्यात गुंडाळली होती. दादा तुमच्यापाशी होता. गाडी तर रस्त्यावरच पडलेली. एखादी रिक्षा, टेम्पो करावा हे मला सुचलंच नाही. मी चालत बीडच्या स्टँडवर गेलो आणि तेलगावच्या एसटीत बसलो. तिला मांडीवर घेतली. दुसरीकडं कुठं ठेवणार.

तुम्ही तिचं तोंड बघितलं नाही म्हणता म्हणून लिहितो. डोक्याला लई केस होते, काळे, कपाळावर आलेले. नाक दादासारखं. हनुवटी तुमच्यासारखी, खाली थोडी दबलेली. डाव्या कानाच्या पाळीवर तिळाएवढा डाग होता. रंग आमच्यापेक्षा उजळ. हाताची नखं वाढलेली होती. डोळे मिटलेले होते. झोपल्यासारखीच दिसत होती, म्हणून बसमधे कुणाला कळलं नाही.

घाटसावळीला आपली जीप दिसली, रस्त्याच्या कडेला. बॉनेट उघडंच राहिलं होतं. मी तिकडं बघितलं आणि तिचं तोंड पदराआड केलं. का केलं ते मला माहीत नाही.

उतरल्यावर थेट वावरात गेलो. घरी आलो नाही. तात्याबा तिथं होते, त्यांनीच खड्डा केला, मला कुदळ धरता येईना. आपल्या वरच्या तुकड्यात, पूर्वेच्या बांधावर हिवराचं झाड आहे ना, तुम्ही खुरपायला जाता तेव्हा भाकरीचं गाठोडं ज्याला टांगता ते. त्याच्या सावलीच्या अंगाला. कंबरेएवढं खोल केलं. तिला त्याच पातळात ठेवली. वर दगड रचले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या काट्या टाकल्या. काट्या आता वाळल्यात. दगड जागच्या जागी आहेत, मी परवा जाऊन आलो. मी रोज जातो असं नाही. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा गेलो. तुमचं पत्र आलं म्हणून गेलो.

दादाला सांगा, डबा रिकामा दिसला होता. मी त्याबद्दल एक पत्र लिहिलंही होतं, पाठवलं नाही. तो आला की देईन, वाचायचं असेल तर वाचेल. नाहीतर दोघं मिळून जाळून टाकू. पट्टा पडायच्या आदल्या दिवशी फोन करा. मी न्यायला येतो. ट्रकात बसू नका.

आणखी एक आहे. बसमधे माझ्या शेजारी एक बाई बसली होती, वडवणीला उतरली. बायडाबाई म्हणून कंडक्टर तिला हाक मारत होता. तिनं विचारलं, "किती दिसाचं हाय लेकरू?"

मी म्हणालो, "आजचंच."

"पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

खिडकीतून वारा येत होता. तिनं स्वतःच उठून काच ओढली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आई कुठं हाय हिची?" मी म्हणालो, दवाखान्यात. तिला वाटलं असेल, तुम्ही अजून अंथरुणावर आहात, म्हणून चुलता लेकराला घरी घेऊन चाललाय. तिनं जास्त विचारलं नाही. लेकराच्या पायावरून बोट फिरवलं, पातळावरूनच. मग म्हणाली, "नाव काय ठेवणार?"

मी म्हणालो, नाव आत्या ठेवती, हिला आत्या न्हाई.

ती म्हणाली, "मग आईनंच ठेवावं. आईला सांगा, बायडाबाईनं सांगितलंय म्हणून."

वडवणीला ती उतरून गेली. हे तुम्हाला सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं.

अजिनाथ